माझ्या वाट्याचा भात

पेल्यात चमचा वाजला. बुनलोत कॉफीच्या तळाशी बसलेलं घट्ट दूध ढवळत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, त्यामुळे तो टणटण आवाज घरभर झाला. मच्छरदाणीत फुंगनं कूस बदलली आणि परत झोपली.

"जाणारच असशील तर जा," तो म्हणाला. "पोरीला कशाला नेतेस?"

"तिला नाच बघू दे."

"नाच की गुरुआईच्या शिव्या?"

"शिव्या दिल्या तर बरंच होईल. शिव्या आपल्या माणसाला देतात."

तो हसला नाही. पेला धुऊन पालथा घातला, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "आपण दोघं गेलो होतो, मणी. माफी मागायला तू एकटीच का?"

हे त्यानं सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. उत्तर त्यालाही माहीत होतं. आमच्या नाचाच्या संघात तो लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवायचा. वाजवणारा गेला तर दुसरा येऊन त्याच आसनावर बसतो. आता तो व्हिएंतियानमध्ये फ्रीज दुरुस्त करतो आणि कधी कधी जेवताना दोन बोटांनी ताटलीच्या कडेवर जुनी चाल वाजवतो, बस. माझं तसं नव्हतं. मला गुरुआईनं नऊ वर्षांची असल्यापासून वाढवलं होतं.

मी थाळी सजवायला घेतली. पाच जोड्या मेणबत्त्या, पाच जोड्या पांढरी फुलं, केळीच्या पानाचे द्रोण. ही थाळी गुरूपुढे ठेवायची, कपाळ जमिनीला लावायचं, चूक कबूल करायची. गुरूनं थाळीला हात लावला की माफी मिळाली. नाही लावला तर नाही मिळाली. त्यात तिसरं काही नसतं.

मला ती माफी फुंगसाठी हवी होती. पोरगी सहावं लागायच्या आधीपासून माझं बघून बोटं वळवायची. तांदूळ धुतलेलं पाणी कोमट करून मी त्यात तिचे हात बुडवून ठेवायची आणि एकेक बोट हळूहळू मागे वाकवायची. कधी कपडे वाळत घालून झाल्यावर, कधी तिची आंघोळ आणि संध्याकाळचा भात यांच्या मधल्या वेळात. तिची बोटं माझ्यापेक्षा छान वाकतात. पण ज्या गुरूशी आपलं तुटलंय तिची विद्या पुढे द्यायची नसते, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी फुंगच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं आणि तिला चार दिवस ताप आला. डॉक्टर म्हणाला, कीटक चावला असेल. असेलही. पण त्या चार रात्री तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवताना मी दुसराच विचार करत होते.

आता आगगाडी झालीय. दोन तासांत लुआंग प्राबांग येतं, गुरुआईचं गाव. गाडी बोगद्यात शिरली की फुंग दोन्ही कान झाकायची आणि बाहेर आली की मला विचारायची, "झाला डोंगर?" थाळी माझ्या मांडीवर होती, कापडानं झाकलेली. समोरच्या बाकावरच्या आजींनी थाळीकडे बघून विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, "आईकडे." तोंडातून तसंच आलं.

आम्ही तिथून पळालो तेव्हा बस होती. दिवसभराचा घाट. नव्या वर्षाच्या सणाचा मोठा प्रयोग होता, आणि त्यात शेवटचा, एकटीचा नाच माझा होता, अर्धी बाई अर्धा पक्षी अशा किन्नरीचा. किन्नरीचे पंख आणि पिसारा बांधत नाहीत, अंगावर शिवतात; बांधले तर गिरकी घेताना मागे पडतात. गुरुआई स्वतः शिवायची. त्या सकाळी तिची सुई माझ्या कमरेपाशी थांबली. टाका पुरत नव्हता. तिनं दोनदा कापड ओढून बघितलं, मग हात सपाट करून माझ्या पोटावर ठेवला आणि तसाच ठेवला.

"कितवा?"

"चौथा."

तिनं 'कुणाचं?' म्हणून विचारायच्या आधीच बाहेर लाकडी पट्ट्या वाजायला लागल्या, आणि माझी मान तिकडे वळली. तिनं दोरा दातानं तोडला.

"बस खाली. आज नाचायचं नाहीस. संध्याकाळी फुलं-मेणबत्त्या घेऊन ये, पूजेतल्या मुखवट्यांची माफी माग. मग बघू."

एकोणीस वर्षांची होते मी. माफी हा एकच शब्द ऐकला. माझ्या पोटातल्या जिवाची माफी मागायची? 'मग बघू' हे दोन शब्द मला कितीतरी वर्षांनी ऐकू आले, एकदा फुंगला दूध पाजत असताना, असेच मधूनच. तेव्हा मात्र मी अर्धवट शिवलेल्या अंगानं मागच्या दारानं निघाले, बुनलोतला खूण केली, आणि दुपारच्या बसमध्ये बसून कमरेचा उरलेला दोरा एकेक टाका करून उसवला.

नंतर कळवलं नाही. आधी रागानं, मग लाजेनं, आणि मग इतका उशीर झाला होता म्हणून.

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत मान खाली घालून बसलेल्या बाईनं मला इंग्रजीत विचारलं, किती माणसं, कुठल्या देशाची.

"दोन. इथलीच," मी म्हटलं. "आणि चानपेंग, तू केवढी जाडी झालीस गं."

तिनं वर बघितलं. चानपेंग आणि मी एका चटईवर झोपायचो, दहा वर्षं. ती मोरीण नाचायची. खिडकीच्या भोकातून तिनं हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं, घट्ट, दाबून, ताप बघतात तसं.

"हात गार आहेत तुझे."

"उसाचा रस प्यायलोय आत्ता. सोड, दुखतंय."

"दुखू दे." तिनं चिमटा काढला. मला वाटलं, प्रेमानं. मग तिनं फुंगकडे बघितलं. "ही तीच?"

"तीच."

"डोळे बुनलोतचे घेतलेत बिचारीनं. अर्धे झोपेत असल्यासारखे."

"मी झोपेत नाहीये, मावशी," फुंग म्हणाली.

"नाहीस ना? मग ठीक." चानपेंगनं आमची तिकिटं फाडली, पण हातात दिली नाहीत. "आज का आलीस गं? आज गुरुवार."

"म्हणून तर आले. माफीची थाळी गुरुवारीच देतात. तू विसरलीस का सगळं?"

"उद्या ये. उद्या गर्दी कमी असते."

"उद्या सकाळची परतीची गाडी आहे."

"मग असं कर, पहिली प्रार्थना चुकव. कोपऱ्यावर केळ्याची भजी तळतात, पोरीला खायला घाल. ढोल वाजला की आत ये. मी दार उघडं ठेवते."

"प्रार्थना चुकवू? इतक्या वर्षांनी येऊन? वेड लागलंय का तुला?"

ती खिडकीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत बसली. मी विचारलं, "गुरुआई कशी आहे?"

"गुडघा सोडला तर धडधाकट."

"गुडघ्याला काय झालं?"

"काय झालं?" चानपेंग हसली, पण तसं हसायला ती आमच्या वेळी शिकली नव्हती. "तू गेलीस त्या दिवशी किन्नरी कोण नाचली, कधी विचार केलास? दुसरी कुणी तयार नव्हती. अठ्ठावन्न वर्षांची बाई. पंख मी शिवले तिच्या अंगावर, रडत रडत, वाकडे. शेवटी गुडघ्यावर बसायचं असतं ना, तिथे बसली आणि उठता येईना. लोकांना वाटलं नाचातच तसं आहे. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच. आम्ही दोघी-तिघींनी धरून आत आणली. पिसारा ओढत."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

"जा आत," चानपेंगनं तिकिटं पुढे केली. "तुला कधी कुणाचं ऐकायची सवय होती म्हणा."

आत सगळे परदेशी पाहुणे होते. उंच, उन्हानं भाजलेले, नवे कोरे रेशमी पंचे गळ्यात घातलेले. माझ्या शेजारी पिकल्या केसांची एक बाई बसली होती. तिनं फुंगच्या गालाला बोट टेकवून बघितलं आणि हातातला कागद वाचायला लागली. त्यावर लिहिलं असणार: पहिला भाग, मंगल प्रार्थना.

पडदा नव्हताच. गुरुआई एका बाजूनं आली. उजवा पाय आधी टेकायची आणि डावा मागून ओढून घ्यायची. केस पार पांढरे झाले होते, पण अंबाडा तोच, किंचित डावीकडे. ती पूजेत मांडलेल्या मुखवट्यांपुढे बसली. तिच्यापुढे मोठं तबक होतं आणि तबकात केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या सात पुड्या. माझ्या वेळी पाच असायच्या. आमच्या संघाचा हा रिवाज आहे: ज्या नाचून गेल्या त्यांना गुरुवारी नाव घेऊन बोलवायचं, जेवू घालायचं, मग नाच सुरू करायचा. कोण कोण गेलं असेल, मी मनात मोजत होते. आमचे कपडे शिवणारी म्हातारी गेली असेल, पण ती नाचणारी नव्हती. मग?

मागच्या पिढीची पहिली नावं आली. केसोन, हरिणी नाचणारी. लातसमी, मेणबत्त्या नाचवणारी. ओनकेओ, जिला ढोल ऐकू यायचा नाही आणि तरी ताल चुकायची नाही. ही नावं मला पाठ होती, लहानपणी आम्ही ती पाण्याला जाताना म्हणायचो. पाहुण्यांनी फोन वर धरले होते. गुरुआईचा आवाज तसा चिरका, पण प्रार्थनेत तो खाली उतरतो. एकेका नावाला ती एक पुडी पुढे सरकवत होती. ये बाई, बस, जेव, बहिणी नाचतायत ते बघ.

सहावं नाव मला अनोळखी होतं, माझ्यानंतरची कुणी मुलगी असेल.

मग सातवी पुडी. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली.

"मणीचन," ती म्हणाली. "माझी किन्नरी. ये गं. उन्हातून आलीस, इकडे सावलीत बस. तुझी जागा ठेवलीय. कुठे कुठे फिरतेस एकटी? ये, खा, पोटाला लागू दे. रागावले नाही मी. ये."

असा आवाज तिनं माझ्यासाठी कधी काढला नव्हता. दहा वर्षांत एकदाही नाही. ताप आला तर औषध द्यायची, केसांत उवा झाल्या तर केस कापायची, पाय चुकला तर पोटरीवर वेताची काडी बसायची. ये गं म्हणून कधी हाक मारली नव्हती.

प्रार्थनेत जिवंत माणसाचं नाव येत नाही.

"आई," फुंग माझ्या कानाशी लागली. "त्या आजीनं तुझं नाव घेतलं."

"दुसरी कुणीतरी असेल."

"किन्नरी म्हणाली ती. किन्नरी तू होतीस."

"गप्प बस. बघ, ढोल."

ढोल वाजला. शेजारच्या बाईनं माझ्याकडे वळून छातीवर हात ठेवला, किती सुंदर अशा अर्थानं. मी मान डोलावली.

नाच झाले. फुलं उधळायचा स्वागताचा, मग हरिणीचा, मग वानरांच्या उड्या, त्यात फुंग खिदळली. बुनलोतच्या आसनावर एक चष्मेवाला पोरगा बसून वाजवत होता आणि बरा वाजवत होता. बुनलोतचं नाव कुठल्याही पुडीवर नव्हतं. गेलो तर आम्ही दोघं होतो, एकाच बसनं.

शेवटी किन्नरी आली. सतरा-अठरा वर्षांची असेल. मान जरा पुढे काढायची खोड होती तिला, आणि डावा हात अर्ध्या मात्रेनं उशिरा यायचा. पण ती गुडघ्यावर बसली आणि पाण्यातून उठावी तशी उठली, आणि फुंग माझ्या मांडीवरून सरकत सरकत पुढच्या खुर्चीच्या पाठीला जाऊन चिकटली. तिची बोटं त्या पाठीवर वळत होती. सगळ्या वळणांना बरोबर. एखादी मोठी चूक व्हावी म्हणून मी वाट बघत राहिले. झाली नाही.

प्रयोग संपल्यावर पाहुणे फोटो काढायला पुढे गेले. मी थाळीवरचं कापड काढलं, एका हातानं फुंगला धरलं आणि मागच्या खोलीत गेले. तिथे किन्नरीचे पंख निघत होते, खर्रर्र असा आवाज करत. पाठीला चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. कुणी काही उसवत नव्हतं.

गुरुआई कोपऱ्यातल्या चटईवर गुडघ्याला मलम चोळत बसली होती. तिच्या शेजारी तबक होतं. तबकात एकच पुडी.

"प्रेक्षकांना बाहेर जायचा रस्ता पुढून आहे," ती म्हणाली.

"गुरुआई, मी मणीचन."

"दिसतंय ना. आत्ताच बोलावलं, लगेच हजर. एरवी इतक्या पटकन येत नाहीस."

मुली फिसकन हसल्या. मग त्यांच्यातल्या एकीला काहीतरी उमगलं असावं, कारण सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि पिसारे, मुकुट जे हाती येईल ते उचलून बाहेर गेल्या.

मी थाळी पुढे ठेवली. कपाळ जमिनीला लावलं. काय बोलायचं ते गाडीत शंभर वेळा घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "चुकले. त्या दिवशी आणि नंतर रोज." शेजारी फुंगनंही डोकं टेकलं, तिला वाटलं, असंच करायचं असतं.

मी वाट बघत राहिले. मलमाचा वास येत होता. थाळीचा आवाज आला नाही.

"उचल ती," गुरुआई म्हणाली.

"गुरुआई..."

"ऐक आधी. तू गेलीस त्या दिवशीची एक बस कासीच्या घाटात दरीत पडली. मेलेल्यांच्या यादीत तुझं नाव नव्हतं, पण निम्म्या लोकांची नावं यादीत नव्हतीच. मी त्या घाटात दोन दिवस बसून होते, ह्या गुडघ्यानं. ते लोक वर आणून चपला मांडायचे, बांगड्या मांडायचे. बघा म्हणायचे. दहा वर्षं माझ्या घरात वाढलीस आणि तुझी चप्पल कुठली ते मला ओळखता येईना."

"आम्ही तिच्या आधी सुटलेल्या बसमध्ये होतो."

"बरं झालं."

तिनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं.

"घरी आले, तुझं नाव घेतलं. भात ठेवला, पाणी सोडलं. पहिलं वर्षभर रोज, मग गुरुवारी. तिसऱ्या वर्षी चानपेंग सांगत आली, मणी जिवंत आहे, फ्रीजवाल्याची बायको आहे, पोरगी झालीय, बरं चाललंय. बरं चाललंय म्हणे."

"मग नाव काढून टाकायचं."

"कसं काढू? पंगतीत बसवलेल्या माणसाला ऊठ म्हणू? आणि त्या सहाजणींना काय सांगू, की बायांनो, तुमच्या शेजारी मी जिवंत बाई आणून बसवली होती, तुम्ही तिच्याबरोबर जेवलात?" आवाज चढला नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होती. "मी त्यांच्यापुढे खोटं बोलले असं होईल. इथे ह्या मुखवट्यांपुढे. ह्या वयात ते नाही करणार मी. आणि ही थाळी घेतली तर मी रडले ते कुणासाठी, ते तू सांग."



फुंग अजून हात जोडून बसली होती. जोडलेल्या हातांची बोटं तिनं नकळत मागे वळवली होती. गुरुआईनं ते बघितलं. तिनं फुंगचा उजवा हात ओढून घेतला आणि मधलं बोट मागे वाकवलं, आणखी, आणखी. फुंगनं आवाज केला नाही.

"कुणी वाकवली?"

"आईनं," फुंग म्हणाली. "तांदळाच्या पाण्यात. मला सगळी किन्नरी येते. गुडघ्यावर बसतात तेपण येतं. दाखवू?"

"दाखव."

फुंग उठली. त्या पसाऱ्यात, सांडलेल्या पावडरीवर, सुरांशिवाय तिनं बैठक दाखवली आणि उठली. दोन्ही हात वेळेवर. गुरुआईची मान एकदा खाली आणि एकदा वर झाली, आणि त्या मानेसाठी मी दहा वर्षं नाचले होते.

"हिला मी ठेवीन," ती म्हणाली. "पावसाळा सरला की आण. सकाळी शाळा, दुपारी नाच. आई नसलेल्या मुली मी घेते, सगळ्या गावाला माहीत आहे. तूही तशीच आली होतीस."

"हिला आई आहे, गुरुआई."

"मग घेऊन जा. पण शिकवू नकोस. त्या हातानं शिकवलेलं आज ना उद्या पोरीच्या अंगावर येईल, तुलाही माहीत आहे. म्हणून तर आलीस."

तापाबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं.

"भेटायला येत जा," ती म्हणाली, जरा मऊ आवाजात. "महिन्याला, पंधरवड्याला. मावशी म्हणून ये. कुणी अडवणार नाही. मावश्या येतात की."

तिनं तबकातली पुडी उचलली आणि चटईवरून माझ्याकडे सरकवली.

"सहाजणींचे वाटे नदीला गेले. हा तुझा. एरवी मागच्या दाराशी कुत्री खातात. खायचा तर खा, नाहीतर त्यांना घाल. पण जे काय करायचं ते आत्ता कर, मला दिवे मालवायचेत."

मी पुडीकडे बघत राहिले. खाल्ली तर मी तिच्या सातजणींतली सातवी, आणि फुंग इथे शिकणार. नाही खाल्ली तर मी फुंगची आई, आणि दोघी सकाळच्या गाडीनं घरी. एरवी पोरीला भात भरवायच्या आधी मी तो फुंकून, चाचपून बघते. तिच्या केसांचा भांग मला डोळे मिटून पाडता येतो. रात्री तिचा पाय माझ्या पोटावर नसला तर मला झोप लागत नाही, आणि तिला लागते, हेही मला माहीत आहे. सहा वर्षांची आहे. मी नऊची होते. तीन वर्षांचाच फरक, असं मी मनात म्हटलं, आणि मनात म्हणतानाच मला माझी किळस आली.

"मी इथे नाचू?" फुंगनं विचारलं. मला नाही, गुरुआईला. झोपाळू डोळे टक्क उघडे होते.

"तुझ्या आईला विचार," गुरुआई म्हणाली.

फुंग माझ्याकडे वळली आणि नुसती बघत राहिली, वळलेली बोटं तशीच हवेत.

मी पुडी उघडली. भात गार झाला होता आणि वरून कोरडा पडला होता, पण आतून चिकट होता अजून, केळीच्या पानाचा वास लागलेला. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. तीन घासांत संपला. गुरुआई मी गिळेपर्यंत थांबली. मग तिनं आपल्या कमरेच्या पिशवीतून पांढरा दोरा काढला आणि फुंगच्या मनगटाला बांधला, तीन गाठी मारून, काहीतरी पुटपुटत. माझ्या थाळीतली फुलं तिथेच पडली होती. तिनं त्यांना हात लावला नाही, आणि मी उचलली नाहीत.

"पुन्हा ये, मणी," ती म्हणाली. तोच प्रार्थनेतला आवाज होता, खाली उतरलेला. "गुरुवारी."

बाहेर चानपेंग खिडकीचं कुलूप लावत होती. तिनं माझ्या ओठाला लागलेलं शीत बघितलं आणि मान फिरवली. पायऱ्यांवर पाहुणे अजून फोटो बघत उभे होते, आम्ही त्यांच्यामधून वाट काढत खाली आलो. फुंग पुढे उड्या मारत होती, दोऱ्याचा हात वर धरून. मग शेवटच्या पायरीवर ती थांबली. मी तिच्यापाशी पोचेपर्यंत काहीतरी विचार करत होती. तशी करायला लागली की ती खालचा ओठ आत ओढते.

"आई," ती म्हणाली, "मी इथे नाचेन तेव्हा तू आपली आपण येशील, का मलापण तुझं नाव घेऊन बोलवावं लागेल?"